खाडीपलीकडची माउली: रेवदंडा, कोर्लई, पाली

पहिला दिवस

सकाळी सहाला पुणं सोडलं की वडखळची गर्दी टळते, हे बाबांचं गणित. निघालो सातला आणि वडखळला व्हायचं तेच झालं. ट्रकच्या मागे पाऊण तास. बाबा खिडकीची काच खाली करून म्हणाले, "चिमाजीअप्पा या रस्त्यानं आले असते तर वसई अजून पोर्तुगिजांकडेच असती."

बाबा चौऱ्याहत्तरचे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून किल्ले हा त्यांचा एककलमी कार्यक्रम. आता गुडघे कुरकुरतात म्हणून यादी आखडती घेतली आहे आणि त्या आखडलेल्या यादीत कोर्लई पहिल्या क्रमांकावर होता. माझा हेतू वेगळा. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात एक चर्च आहे, तिथली माणसं घरात पोर्तुगिजांपासून उरलेली एक बोली बोलतात, असं कधीतरी वाचलं होतं. ते डोक्यातून जात नव्हतं. म्हणून तह झाला: किल्ला त्यांचा, चर्च माझं, जेवण दोघांच्या मर्जीनं.

कार्लेखिंड उतरून अलिबाग मागे टाकलं आणि आक्षीला बाबांनी तहाबाहेरचा एक थांबा घ्यायला लावला. इथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. झिजलेली अक्षरं, वर चंद्र-सूर्य. मला त्यातला एक शब्द धड लागला नाही. बाबांनी मात्र पाठ असल्यासारखं वाचून दाखवलं. (पाठच होतं. घरून कागद आणला होता.)

पुढे नागाव, मग चौल. इथे रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंनी नारळी-पोफळी अशा अंगावर येतात की गाडीचा वेग आपोआप कमी होतो. या सावलीत कधी काळी पश्चिम किनाऱ्यावरचं एक मोठं बंदर होतं, यावर विश्वास बसत नाही. जुन्या ग्रीक लेखकांना ते सिमुल्ला या नावानं ठाऊक होतं. १४६९ च्या सुमाराला अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा विकायच्या इराद्यानं इथेच उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे.

पोर्तुगीज आले तेही घोड्यांच्याच वाटेनं म्हणायला हरकत नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला अरबी घोडे हवे होते आणि समुद्र पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. १५२१ मध्ये त्यानं खाडीच्या तोंडाशी त्यांना किल्ला बांधू दिला. त्याआधी १५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या आरमारानं त्यांना झोडपलं होतं. व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्या लढाईत मेला. म्हणजे रक्त सांडून झाल्यावर सौदा झाला. तोच किल्ला पुढे वाढत वाढत तटबंदीचं शहर झाला. तेच आजचं रेवदंडा.

अलिबागहून येणारा डांबरी रस्ता तट फोडूनच आत शिरतो. आपण किल्ल्यात आलो हे निम्म्या लोकांच्या लक्षातही येत नसावं. आत शहर नाही. वाड्या आहेत. पोफळीच्या रांगा, पाण्याचे पाट, मधेच कौलारू घर आणि घरामागे अचानक तीस-चाळीस फूट उंच भिंत, तिला कमानदार खिडकी, खिडकीतून पलीकडचं आभाळ. ती भिंत म्हणजे चर्च.

एक नाही, बरीच. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, पाद्र्यांच्या एकूण एक संघानं इथे आपलं चर्च आणि मठ बांधला होता. चालत तासाभरात फेरी होईल एवढ्या गावात. आपल्याकडच्या पेठेत प्रत्येक आळीला आपला गणपती वेगळा लागतो, त्यातलाच प्रकार. फ्रान्सिस झेवियर इथे येऊन गेला, त्याच्या नावाचं छोटं चॅपेल आहे. डॉमिनिकनांच्या चर्चमध्ये वेदीवरचं कमानदार छत अजून धरून आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या आसपास झावळ्यांचे भारे रचलेले होते आणि एक कुत्रं आमच्यावर भुंकावं की झोपावं या विचारात होतं.

वाडीच्या मालकाला विचारूनच आत शिरलो. तो म्हणाला, "बघा की. फक्त भिंतीखाली उभं राहू नका. नारळ पडला तर एक वेळ वाचाल, दगड पडला तर नाही."

सर्वांत उंच उरला आहे तो सातखणी. फ्रान्सिस्कनांच्या सेंट बार्बरा चर्चचा हा मनोरा. गावाला बार्बराशी काही देणंघेणं नाही, त्याला सात खण दिसले म्हणून सातखणी. आज मोजले तर सात भरत नाहीत, वरचे पडले. पायथ्याशी उभं राहून मान मागे टाकली की एकेका मजल्याची चौकोनी खिडकी एकावर एक, आणि शेवटच्या खिडकीत पिंपळ. दगडांच्या सांध्यांत चुना अजून पांढरा आहे. बोट लावलं तर पूड हातावर आली. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी शिंपले भाजून केलेला हा चुना असणार. किनाऱ्यावरच्या गावात दुसरा कुठला असणार?

बाबा शांत होते. मग म्हणाले, "एवढी चर्चं बांधली, मग माणसं कुठे गेली?"

रेवदंड्याच्या पडक्या भिंती बघताना हा प्रश्न आपोआप येतो. त्याचं उत्तर खाडीपलीकडे होतं, पण ते दुसऱ्या दिवसाचं.

मुक्कामाच्या जागेबद्दल एवढंच लिहिते की फोनवर ज्या गिझरचं वर्णन झालं होतं तो भिंतीवर होता, पण त्याची वायर कुठेच जात नव्हती. रात्री मात्र कसर निघाली. शेजारच्या वाडीत पोपटी लावली होती. जानेवारीचा पहिला आठवडा, वालाच्या शेंगा भरलेल्या. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ आणि ओवा, परत पाला. तोंड पाल्यानंच गच्च बंद करून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पालापाचोळा पेटवायचा. अर्ध्या तासानं मडक्यावर पाण्याचे थेंब मारून बघतात. चर्र झालं की झाली. यजमानांच्या सुनेनं पाला बाजूला केला तेव्हा जो वास आला त्याचं वर्णन करायच्या फंदात पडत नाही.

बाबा सोलता सोलता म्हणाले, "हा बटाटा पोर्तुगिजांचा. नावासकट." मग एकामागून एक निघाले: पाव, साबण, चावी, घमेलं, पगार, लिलाव, बिजागरी, इस्त्री, अननस, काजू. नाताळ तर होताच. सुनेला वाटलं आम्ही भेंड्या खेळतोय. तिनं "हापूस" टाकला. तोही बरोबर.

दुसरा दिवस

कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि तिथून उजवीकडे कोर्लई. गाडीनं पंधरा मिनिटं. पण हा पूल झाला १९८० च्या दशकात. तोवर तरीनं पलीकडे जायचं, नाहीतर लांबचा वळसा. रेवदंडा समोर दिसायचं, आवाज दिला तर ऐकू जाईल इतकं, पण पाय ठेवायचा तर भरती-ओहोटी विचारायची. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण कोर्लईची पुढची सगळी गोष्ट या पाण्यावर उभी आहे.

आधी किल्ला, कारण ऊन. कोळीवाड्यातून जाणारी वाट इतकी चिंचोळी की समोरून रिक्षा आली तर एकानं मागं जायचं. दोन्ही बाजूंना वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, वाऱ्यावर किंचित हलत. गल्ली संपते तिथे समुद्र, आणि त्याच्या कडेनं दीपगृहापर्यंत रस्ता. दीपगृहाच्या मागून पायऱ्या चढतात. बाबा दर पंधरा पायऱ्यांनी थांबून तटाचं निरीक्षण करत होते. तट अजून दिसतही नव्हता, हे मी बोलले नाही.

कोर्लईचा डोंगर म्हणजे समुद्रात घुसलेली एक लांबट, अरुंद जीभ. तीन बाजूंना पाणी. वर उभं राहिलं की रेवदंड्याचं बंदर तळहातावर असल्यासारखं दिसतं. निजामशाहीला हे कळत होतं. पोर्तुगीज शहर डोळ्यांत खुपायला लागल्यावर १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशाहानं त्याला वेढा घातला. त्याच वेळी आदिलशाहानं गोव्याला घातला होता. दोन्ही फसले. मग दुसऱ्या बुऱ्हाणनं या डोंगरावरच किल्ला उठवायला घेतला, म्हणजे तोफा थेट शहरावर रोखता येतील. पोर्तुगिजांनी तो पुरा होऊ दिला नाही. सप्टेंबर १५९४ मध्ये चढाई करून घेतला आणि स्वतःच पुरा केला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं चौलला वेढा घातला, तरी हे ठाणं टिकलं.

दरवाजामागे दरवाजा. प्रत्येक बुरुजाला एका संताचं नाव होतं. मराठ्यांकडे किल्ला आल्यावर नावं बदलली: सान दिएगोचा पुसाती बुरूज झाला, सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरूज. बाबांना हे फार आवडलं. गणेश बुरुजाला हात लावून उभं राहून फोटो काढून घेतला. मी विचारलं, "मधला दगड तोच राहिला ना पण?" त्यांनी पाण्याची बाटली मागितली.

वर रत्नेश्वराचं लहान देऊळ आहे, पुढे तुळशीवृंदावन, जवळ गोड्या पाण्याचं टाकं. आणि त्याच गडावर, छप्पर उडालेलं चर्च. भिंती उभ्या, वेदीच्या जागी रिकामा कोनाडा, जमिनीवर वाळलं गवत. कौलं नसल्यामुळे आत-बाहेर असा भेद उरलेला नाही. कोनाड्यात एक सरडा ऊन खात होता. दाराच्या चौकटीच्या दगडावर मधोमध गुळगुळीत खोलगट भाग दिसला, पायांनी झिजलेला. शिपाई, गुलाम, त्यांच्या बायका, पोरं, दर रविवारी इथूनच आत गेले असणार. मी त्यावर पाय ठेवला आणि मग उगीचच संकोच वाटून काढून घेतला.

ही माणसं कुठून आली, हे गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. धर्मांतरात जबरदस्ती होती, आमिषं होती, भीती होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं, त्याचा वचक उत्तरेच्या ठाण्यांपर्यंत होता. पण हेही तितकंच खरं की किल्ल्यावरच्या चाकरीला, ओझ्याला, शेताला जी माणसं लागत ती बहुतेक आसपासच्या खालच्या मानलेल्या जातींतली. पूर्वीच्या गावानं त्यांना फार मानानं वागवलं होतं असं नाही.

मग १७३९ आलं. वसई पडली. त्याच सुमाराला सुभानराव माणकरांना चिमाजीअप्पांनी कोर्लईवर पाठवलं होतं. इकडे गोव्यात मराठी फौजा साष्टी-बारदेशात घुसून बसल्या होत्या. शेवटी १७४० मध्ये तह झाला: मराठ्यांनी गोव्यातले ते मुलूख सोडायचे, पोर्तुगिजांनी चौल आणि कोर्लई द्यायचं. अदलाबदल. रेवदंड्यातल्या ज्यांच्याकडे गलबतात बसायला पैसे होते, गोव्यात नातेवाईक होते, ते निघून गेले. पाद्री गेले, सरदार गेले. मनोऱ्यांखाली झाडं उगवू लागली.

ज्यांना जायला जागाच नव्हती ते खाडी ओलांडून या डोंगराच्या पायथ्याशी राहिले. बाबांच्या कालच्या प्रश्नाचं हे उत्तर.

खाली उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि चर्चला कुलूप होतं. समोर खेळणाऱ्या पोरानं सांगितलं, "संध्याकाळी उघडतं. आता सगळे झोपलेत." देव धरून, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. साळावच्या वाटेवर गाडीचं मागचं चाक बसलं. स्टेपनीत हवा कमी. पंक्चरवाल्यानं दोन तास घेतले आणि तेवढ्यात आम्ही एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि सोलकढी असं जेवून झाडाखाली चक्क झोपलो. बाबा घोरले. जेवणाच्या बाबतीत तह पाळला गेला.

साडेपाचला परत गेलो.

गावातली घरं एकमेकांना चिकटून. कौलांच्या पागोळीला कागदी तारे टांगलेले, नाताळ होऊन दहा दिवस झाले तरी काढलेले नव्हते. लाल, पिवळे, एक हिरवा. आत दिवा लावला की थेट आपला आकाशकंदील. एका ओट्यावर गव्हाणीचा देखावा होता: गवत, मातीची मेंढरं, आणि बाळाच्या बाजूला कुणीतरी प्लॅस्टिकचा बैल ठेवला होता, बैलपोळ्याचा असावा, शिंगं रंगवलेली.

चर्च कार्मेल माउलीचं. सोळा जुलैला तिचा सण, भर पावसात. कार्मेल हा इस्राएलमधला डोंगर, तिथल्या तपस्व्यांच्या संघावरून हे नाव आलं. माउलीच्या कडेवर बाळ, आणि दोघांच्या हातांत तपकिरी कापडाचे छोटे तुकडे, दोरीत ओवलेले. त्याला स्कॅप्युलर म्हणतात. भाविक तो गळ्यात घालतात. बाबांनी जवळ जाऊन बघितलं आणि हळूच म्हणाले, "ताईतच की." आत रेवदंड्याचा दिमाख नाही. साधे बाक, भिंतीला चुना, पंखे. वेदीपुढे जास्वंदीची आणि झेंडूची फुलं. एक आजी मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण सुरीच्या टोकानं खरवडून डब्यात गोळा करत होत्या. त्या मेणाच्या परत मेणबत्त्या होतात म्हणे.

आम्ही चपला काढल्या होत्या. आजी म्हणाल्या, "चपला घातल्या तरी चालतात, बाय. पन काढल्या तर बरंच."

हळूहळू माणसं जमली, बायका जास्त. प्रार्थना सुरू झाली आणि मला एकदम बरं वाटलं, कारण ती पूर्ण मराठीत होती. 'हे नमो मरिये' पासून सगळी. मराठी शाळेत शिकलेल्यांच्या तोंडी असते तशी, स्वच्छ, किंचित पुस्तकी. बाबा शेवटच्या बाकावर हात जोडून बसले होते. काय म्हणायचं ते माहीत नसल्यामुळे ओठ नुसते हलवत होते. रामरक्षा म्हणत होते असा मला दाट संशय आहे.

प्रार्थना संपली. सगळ्या पायऱ्यांवर आल्या. आणि त्या क्षणी, एक पायरी उतरायच्या आत, भाषा बदलली. कुणी ठरवून बदलली असं नाही. आपण दारातून आत आलो की चपला काढतो, तसं. लय ओळखीची होती, वाक्य संपायची पद्धत ओळखीची, हातवारे तर अगदी आपलेच. आणि एकही शब्द कळत नव्हता. आक्षीच्या शिलालेखापुढे झालं होतं तसंच.

बोलीला बाहेरचे लोक क्रिस्ती म्हणतात. गावातले म्हणतात 'नॉ लिंग', आमची भाषा. बोलणारे जेमतेम आठशे-हजार. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं इथे येऊन तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण पोर्तुगिजांच्या वाक्यात क्रियापद मधे येतं, इथे ते मराठीसारखं शेवटी जाऊन बसतं. लय ओळखीची का वाटली ते आता कळलं. माल पोर्तुगालचा, बांधणी कोकणची. रेवदंड्यातल्या भिंतींसारखीच, फक्त ही अजून राहती आहे.

ती का टिकली? गावात ऐकलेलं आणि वाचलेलं एकत्र केलं तर कारणं साधी आहेत. धर्मामुळे हिंदू गाव लांब, जातीमुळे वरचे ख्रिस्ती लांब, खाडीमुळे उरलेलं जग लांब. लग्नं आपापसांत. आणि राज्य गेलं तरी पाद्री येत राहिले, गोव्याकडून, पोर्तुगीज जाणणारे, थेट १९६० च्या दशकापर्यंत. म्हणजे पेशवाई गेली, इंग्रज आले, गेले, तरी कोर्लईच्या वेदीपाशी ती भाषा अधूनमधून ताजी होत राहिली. त्याच दशकात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत आली. कोर्लईसाठी लोकांची भाषा म्हणून मराठी ठरली. कागदोपत्री बरोबरच आहे ते. गंमत एवढीच, की ज्या चर्चनं ही बोली सांभाळली, त्या चर्चच्या आत तिला आज जागा पायरीवर आहे.

मेणवाल्या आजी आमच्याबरोबर बाहेर आल्या. घर जवळच होतं, बसा म्हणाल्या. ओट्यावर बसलो. बाबांनी विचारलं, "ताई, तुमची नातवंडं बोलतात का ही भाषा?"

"घरात बोलतात. बाहेर मराठी. मुंबईचा नातू विंग्लिश बोलतो, त्याला मराठीतच सांगावं लागतं, नाहीतर दोन्हीकडून जातो." मग आतल्या सुनेला हाक मारून काहीतरी सांगितलं. त्यात मला 'आग' हा शब्द स्वच्छ ऐकू आला.

बाबा दचकून उठले. "कुठे लागली?"

आजी इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाशी धरावा लागला. सून तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली. पोर्तुगिजांचं आग्वा, शेवटचा स्वर गळाला की आग. लिंग्वाचं लिंग झालं त्याच रीतीनं. या ओट्यावर आग म्हणजे पाणी.

बाबांनी ती आग घटाघट प्यायली आणि परत मागितली.

नंतर बराच वेळ गप्पा झाल्या. भाताची, पावसाची, बांध फुटून शेतात खारं पाणी शिरल्याची. बाबांनी न राहवून गणेश बुरुजाची गोष्ट काढली, तहाची, अदलाबदलीची. मला वाटलं आता अवघड होणार. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मोठे लोक होते ते बोटीत बसून गेले, भाऊ. आम्हाला कोण घेतंय बोटीत?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परवा शेजारचे मुंबईला गेले, अशा सुरात.

निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून सोडे दिले. पैसे घेतले नाहीत. बाबांनी ओट्यावर ठेवलेली नोट त्या गुंडाळीतच परत आली, हे आम्हाला पुण्यात कळलं.

तिसरा दिवस

परतीला रोह्यावरून पाली. हा थांबा आईच्या हुकमाचा: अष्टविनायकाच्या वाटेनं येताय आणि बल्लाळेश्वराला टाळून आलात तर घरात घेणार नाही.

साळाव ते रोहा रस्ता कुंडलिकेच्या कडेनं सुरेख आहे, खड्ड्यांचा तेवढा भाग सोडून. रोह्यात चहा, वाकणच्या फाट्याला वळण, आणि अकराला पालीत. गुरुवार असल्यामुळे गर्दी बेताची. देऊळ मूळ लाकडी होतं, दगडी केलं ते नाना फडणिसांच्या काळात. आणि आत मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधली आणून वाहिली, अशी तिची ओळख. अशा घंटा महाराष्ट्रभर आहेत. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ साल आणि मेरी-बाळ येशू आहेत, नसरापूरच्या बनेश्वरला १६८३ ची, क्रूस असलेली. नाशिकची नारोशंकराची घंटा तर आपल्या बोलण्यातच जाऊन बसली.

बाबांनी आजवर ही घंटा कितीतरी वेळा वाजवली आहे. लहानपणी माझा हात धरून माझ्याकडूनही वाजवून घेतली आणि दर वेळी वसईची गोष्ट सांगितली. या वेळी ते नुसते खाली उभे राहिले. आपल्या देवळांतल्या घंटेला आतून लोळी असते आणि आपण ती हातानं हलवतो. ही चर्चच्या मनोऱ्यात दोरानं ओढायला ओतलेली. पोट फुगीर, ओठ जाड. मागून एका बाईंनी कडेवरच्या पोराला उंच धरलं, त्यानं दोन्ही हातांनी लोळी ढकलली. आवाज गाभाऱ्यात गेला, फिरून आला, आणि बराच वेळ कानात राहिला.

"रेवदंड्याच्या मनोऱ्यातही अशीच असेल," बाबा म्हणाले.

"असेल."

"ती कुठे गेली असेल?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी घंटा वाजवली, नेहमीपेक्षा हळू, आणि दर्शनाच्या रांगेत लागले.

खोपोलीच्या अलीकडे एका हॉटेलात जेवायला थांबलो. ऊन चढलं होतं, घसा कोरडा पडला होता. वेटर टेबल पुसायला आला. बाबांनी माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली आणि त्याला म्हणाले, "आधी दोन ग्लास आग आण रे."

तो फडकं खांद्यावर टाकत म्हणाला, "काका, इथं सिगरेट अलाउड नाय. भायेर टपरीवर जा."